मध्यंतरानंतर न परतलेला संघ: कोलकाता डर्बी, ९ डिसेंबर २०१२

फुटबॉलचं मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये तेवढ्या वेळात मोहन बागानने एक निर्णय घेतला आणि तो निस्तरायला पाच आठवडे लागले. ईस्ट बंगालविरुद्धच्या डर्बीत, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांच्या लढतीत, एका गोलने पिछाडीवर असलेला संघ उत्तरार्धासाठी मैदानात उतरलाच नाही.

या दोन क्लबांच्या वैराच्या कथा सहसा गोल, विजय आणि दंगली यांच्या अंगाने सांगितल्या जातात. मला या प्रकरणात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. नव्वद वर्षांहून जुनं वैर ड्रेसिंग रूममध्ये आणि पुढे बैठकीच्या टेबलावर कसं येऊन बसतं, माणसांना नियमाचं पुस्तक उघडू देत नाही, आणि उघडलंच तर त्यातलं अक्षर कसं वाकवायला लावतं, हे इथे उघड दिसतं. क्लबांची नावं लपवण्यात अर्थ नाही, ती कुणीही ओळखेल. क्लबचे पदाधिकारी, रेफरी, पोलीस अधिकारी यांचा उल्लेख मात्र मी पदानेच केला आहे. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी फार वेगळं घडलं असतं, असं मला वाटत नाही.

पार्श्वभूमी

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. गोऱ्या पलटणीला तिच्याच खेळात, तिच्याच नियमांनी हरवणारा संघ म्हणून मोहन बागान त्या दिवसापासून फक्त क्लब राहिला नाही. वंगभंगाच्या जखमा ताज्या असलेल्या बंगालला तो आपल्या अब्रूचा प्रश्न वाटू लागला. पुढे जे घडलं ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. क्लबचे पदाधिकारी निवडून येतात, बदलतात. पण त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीमागे १९११ चा फोटो टांगलेला असतो.

ईस्ट बंगालचा जन्म रागातून झाला. जुलै १९२० च्या अखेरीस मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बोस या खेळाडूला संघाबाहेर ठेवलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना ते पटलं नाही. पूर्व बंगालचा म्हणून या खेळाडूला डावललं गेलं, अशी त्यांची भावना झाली. ते बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी समविचारी मंडळींसह नवा क्लब काढला. नाव ठेवलं ईस्ट बंगाल. नावातच भांडण होतं. २८ मे १९२५ रोजी कलकत्ता लीगमध्ये दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले आणि नेपाल चक्रवर्तींच्या एका गोलवर नवख्या क्लबने बाजी मारली.

तरीही हे वैर आज आपण ओळखतो तसं झालं ते फाळणीनंतर. १९४७ मध्ये पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार टाकून कोलकात्यात आली. त्यांना शहरात वस्ती शोधायची होती, कामधंदा शोधायचा होता, आणि ‘बांगाल’ म्हणून होणारी हेटाळणी गिळायची होती. डर्बीच्या संध्याकाळी मात्र त्यांच्या गावाकडचं नाव लाल-सोनेरी जर्सी घालून मैदानावर उतरायचं आणि इथल्या जुन्या रहिवाशांच्या, म्हणजे ‘घोटीं’च्या, हिरव्या-मरून जर्सीला टक्कर द्यायचं. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात हिलसा महागतो आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, ही तिथली जुनी म्हण. हा विनोद दर वेळी नव्याने सांगितला जातो, पण निर्वासितांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीलाही आपली बाजू कोणती हे माशाच्या चवीवरून शिकवलं जात होतं, एवढं त्यातून कळतं.

आपल्याकडे याची थोडीफार कल्पना कोल्हापूरकरांना येईल. शाहू स्टेडियमवर पेठेच्या आणि तालमीच्या नावाने उतरणाऱ्या संघांमागे घरंच्या घरं उभी असतात. त्या भावनेला एका महानगराने आणि एका फाळणीने गुणलं की कोलकाता डर्बीच्या जवळपास जाता येतं.

आकड्यांतही हे दिसतं. १३ जुलै १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्याला याच सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाच्या वर प्रेक्षक होते. ईस्ट बंगालने तो ४-१ ने जिंकला, बायचुंग भूतियाने हॅट्ट्रिक केली. १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यातला ईस्ट बंगालचा ५-० विजय मोहन बागानच्या घराघरांत आजही जखमेसारखा आहे. त्याची भरपाई म्हणून २५ ऑक्टोबर २००९ च्या ५-३ ची आठवण काढली जाते. त्या सामन्यात एडे चिडीने एकट्याने चार गोल केले होते.

आणि मग १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर कलकत्ता लीगच्या डर्बीत मैदानावर दोन खेळाडूंची झटापट झाली, तिचा वणवा गॅलरीत पोहोचला आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मरण पावले. तो दिवस बंगालमध्ये ‘फुटबॉलप्रेमी दिवस’ म्हणून पाळला जातो. २०१२ मध्ये मोहन बागानने ‘सुरक्षितता’ हा शब्द उच्चारला तेव्हा तो काहींना निव्वळ पळवाट वाटला. मला तो संपूर्ण खोटा वाटत नाही. या सामन्यात माणसं मेलेली आहेत, हे दोन्ही तंबूंतल्या (कोलकात्यात क्लबच्या मैदानावरच्या ठिकाणाला तंबू म्हणतात) प्रत्येकाला ठाऊक असतं.

त्या हंगामातली तात्कालिक परिस्थितीही पाहायला हवी. मोहन बागानने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती ती २००१-०२ मध्ये. ईस्ट बंगालने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिलिगुडीत गोव्याच्या डेम्पोला हरवून फेडरेशन कप उचलला होता. मोहन बागानचे प्रशिक्षक, आपल्या मुंबईचे संतोष कश्यप, हंगामाच्या सुरुवातीलाच पायउतार झाले होते. संघाची सगळी मदार ओडाफा ओकोली या नायजेरियन गोलकर्त्यावर होती. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खोऱ्याने गोल करून तो कोलकात्यात आला होता. थोडक्यात, समोर सुस्थितीतला शेजारी आणि आपल्या घरात असंतोष.

यात एक गंमत आहे. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन्ही क्लबांचा मुख्य प्रायोजक तेव्हा एकच उद्योगसमूह होता. एकाच्या नावापुढे त्याचा मॅकडॉवेल हा ब्रँड लागायचा, दुसऱ्याच्या नावापुढे किंगफिशर. वैर विकलं जातं, हे बाजाराला क्लबांच्या आधी कळलेलं होतं. पुढे शिक्षेच्या वेळी याचा संबंध येतो.

समस्या

पूर्वार्ध संपत आला होता. हरमनज्योत खाबराने गोल करून ईस्ट बंगालला आघाडी मिळवून दिली. थोड्याच वेळात ओडाफाने रेफरीशी हुज्जत घातली आणि रेफरीने त्याला लाल कार्ड दाखवलं. संघाचा सगळ्यात मोठा आधार, सगळ्यात मोठ्या सामन्यात, मध्यंतराच्याही आधी बाहेर. गॅलरीत भडका उडाला. दगड-विटा मैदानात येऊ लागल्या, पोलीस आणि प्रेक्षक यांच्यात जुंपली.

त्यातला एक दगड मोहन बागानच्याच सय्यद रहीम नबीच्या चेहऱ्यावर बसला. नबीला रुग्णालयात हलवावं लागलं, गालाच्या हाडाला दुखापत झाली होती. हा नबी कोण? अनेक वर्षं ईस्ट बंगालकडून खेळलेला, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनी कधी ना कधी खांद्यावर घेतलेला खेळाडू. त्याच वर्षीचा, २०१२ चा, भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू.

खेळ थांबला, काही वेळाने पुन्हा सुरू झाला आणि मध्यंतराची शिट्टी वाजली. दोन्ही संघ आत गेले. त्यातला एकच बाहेर आला.

पुढ्यात असलेले पर्याय

या पंधरा मिनिटांतच प्रकरणाचा जीव आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मोहन बागानच्या पदाधिकाऱ्यांसमोर काय होतं? एक खेळाडू रक्तबंबाळ होऊन रुग्णालयात. एक हद्दपार. दहा जणांचा संघ, ०-१. बाहेर चिडलेले प्रेक्षक. आणि हा सामना ज्या स्पर्धेतला होता त्या आयलीगच्या, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगच्या, नियमांतलं २२(क) हे कलम. त्याचा आशय असा: महासंघाने मान्य केलेली अपरिहार्य आपत्ती सोडून अन्य कारणाने एखाद्या संघाने खेळायला नकार दिला किंवा सामना संपण्याआधी मैदान सोडलं, तर तो संघ त्या स्पर्धेतून बाद होईल, त्याचे सामने रद्द धरले जातील आणि पुढचे दोन हंगाम त्याला प्रवेश नसेल.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे निषेध नोंदवून खेळणं. सामना आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यायची, नबीच्या दुखापतीचा उल्लेख करायचा, सुरक्षेची जबाबदारी आयोजकांवर टाकायची आणि मैदानात उतरायचं. हरण्याची शक्यता दाट होती. पण हरले असते तरी गेले असते तीन गुण.

दुसरी वाट अवघड, पण खुली होती. खेळणं धोक्याचं आहे हे स्वतः न ठरवता ते ठरवण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांच्याकडून वदवून घ्यायचं. सामना थांबवण्याचा अधिकार रेफरीचा. परिस्थितीबद्दल मत देणार पोलीस आणि सामना आयुक्त. मध्यंतर वाढवून मागता आलं असतं. गॅलरीचा पेटलेला भाग रिकामा करा, मगच येतो, अशी अट लेखी घालता आली असती. रेफरीने ‘परिस्थिती खेळण्याजोगी नाही’ म्हणून सामना सोडून दिला असता, तर क्लबचा दोष उरलाच नसता. हेच वाक्य क्लब स्वतः उच्चारतो तेव्हा २२(क) लागू होतं. वाक्य एकच, ते कुणाच्या तोंडून येतं यावर दोन हंगाम अवलंबून होते.

आणि तिसरी वाट, न उतरण्याची.

ती का निवडली गेली? कायदा आणि सुव्यवस्था, खेळाडूंची सुरक्षितता ही कारणं क्लबने दिली. अधिकृत कारणांखाली जे होतं त्याचा मी फक्त अंदाज करू शकतो, पण तो अंदाज करणं फार कठीण नाही. दहा जणांनिशी उतरून ईस्ट बंगालकडून तीन-चार गोल खाल्ले असते तर त्या रात्री क्लबच्या तंबूबाहेर काय झालं असतं? १९७५ च्या आकड्याचं भूत प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या मानेवर बसलेलं असतं. न खेळता परत येणं हा अन्यायाविरुद्धचा बाणा म्हणून सभासदांपुढे मांडता येतो. खेळून धुव्वा उडाला तर मांडायला काही उरत नाही. शिवाय चाहत्यांपैकी कित्येकांना त्या क्षणी हेच हवं होतं. पदाधिकाऱ्यांनी गॅलरीकडे पाहून निर्णय घेतला, नियमाकडे पाहून नाही.

आणखी एक शक्यता मला नाकारता येत नाही. ‘मोहन बागानवर दोन वर्षांची बंदी? कोण घालणार?’ असा मनातल्या मनात हिशेब झालेला असावा. पुढचं पाहता तो अगदीच चुकला असंही म्हणवत नाही.

काय केलं गेलं

ईस्ट बंगालचा संघ मैदानात येऊन थांबला. समोर कुणी आलं नाही. वाट पाहून रेफरीने सामना संपवला. ईस्ट बंगालला ३-० असा विजय बहाल करण्यात आला.

आता चेंडू महासंघाकडे होता, आणि त्यांचीही पंचाईत कमी नव्हती. कलम स्पष्ट होतं, पण ते लिहिताना बहुधा कुणाच्याही डोळ्यांसमोर मोहन बागान नव्हता. एखादा छोटा संघ प्रवासखर्च नाही म्हणून आला नाही तर त्याला धाक असावा, अशा बेताचं ते कलम. महासंघाने सर्वोच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोग नेमला. हे पाऊल मला शहाणपणाचं वाटतं. एक तर निर्णयाला थोडा वेळ मिळाला. शिवाय ‘महासंघ आमच्यावर दात ठेवून आहे’ हा नेहमीचा आरोप बोथट झाला. आयोगाने काम लांबवलंही नाही. क्लबने दिलेली कारणं आयोगाला पुरेशी वाटली नाहीत.

२९ डिसेंबरला लीगच्या समितीने कलम जसंच्या तसं लावलं. मोहन बागान चालू हंगामातून बाद, पुढचे दोन हंगाम बंद.

कोलकात्यात काय वाटलं असेल याची कल्पना करा. १२३ वर्षांचा क्लब देशाच्या सर्वोच्च लीगबाहेर. खेळाडूंचे करार, प्रायोजकाचा पैसा, सगळंच अधांतरी. मैदानाच्या तंबूत अर्धशतक घालवलेल्या म्हाताऱ्या सभासदांना हे मरणासारखं होतं. आणि ईस्ट बंगालच्या चाहत्यांना? पहिले दोन दिवस मिठाई. त्यानंतर कुणीतरी मोजायला घेतलं असणार, की आता वर्षातून दोनदा हरवायचं कुणाला?

क्लबने अपील केलं. सूर आता बदललेला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला न्यायाची भाषा होती, जानेवारीत दयेची.

अपील आणि तडजोड

१५ जानेवारी २०१३ रोजी महासंघाची कार्यकारिणी बसली. अध्यक्षपदी तेव्हा गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते. बंदी उठली. तिच्या जागी दोन कोटी रुपयांचा दंड आला आणि हंगामात तोवर कमावलेले सगळे गुण शून्यावर आणण्यात आले. मोहन बागानने उरलेले सामने खेळायचे, पण पहिल्या पायरीपासून.

ही शिक्षा नियमात कुठेच लिहिलेली नव्हती. कलमात मधली पायरीच नव्हती. एक तर निर्दोष, नाही तर तीन हंगाम बाहेर. कार्यकारिणीने ती मधली पायरी टेबलावर बसून तयार केली.

कारणं समजण्यासारखी आहेत. महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा व्यावसायिक करार केला होता. भारतीय फुटबॉलमध्ये विकण्याजोगी जी एक गोष्ट निर्विवाद होती, ती म्हणजे ही डर्बी. लीगमधून मोहन बागान काढला तर ईस्ट बंगालचीही अर्धी किंमत जाते. या वैराने दोन्ही क्लबांना एकमेकांशी असं बांधून ठेवलं आहे की एकाला फाशी दिली तर दोरी दुसऱ्याच्याही गळ्यात अडकते. महासंघाने क्लबचा इतिहास आणि चाहत्यांची संख्या लक्षात घेतली. सरळ मराठीत याचा अर्थ असा, की हा क्लब बुडवणं परवडणारं नव्हतं.

मला ही तडजोड व्यवहार म्हणून पटते, न्याय म्हणून अवघडल्यासारखं होतं. हेच एखाद्या संस्थेच्या छोट्या संघाने केलं असतं तर कार्यकारिणीने त्याच्यासाठी नवी पायरी कोरून काढली असती का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

परिणाम

शून्यापासून सुरुवात केलेल्या मोहन बागानने उरलेला हंगाम पदावनती टाळण्यासाठी झुंजत काढला, आणि १४ संघांत दहावं स्थान मिळवून लीगमध्ये टिकून राहिला. इथे मात्र एक विलक्षण गोष्ट घडली, असं मी मानतो. खेळाडूंना पहिल्यांदाच प्रत्येक साध्या सामन्यात डर्बीसारखं लढावं लागलं. पदाधिकाऱ्यांच्या पंधरा मिनिटांची किंमत मैदानावर त्यांनी मोजली.

त्या वर्षीची लीग गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने जिंकली, आणि आपला पुणे एफसी उपविजेता ठरला. पुण्याच्या फुटबॉलने गाठलेली ती मोठीच उंची, पण त्या हंगामाची आठवण निघाली की देशभर बोललं जातं ते एका न खेळलेल्या उत्तरार्धाबद्दल. एका पुणेकर मित्राने हे मला अत्यंत कडवटपणे ऐकवलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मोहन बागानचं पुनरुत्थान झालं. ३१ मे २०१५ रोजी बेंगळुरूत शेवटच्या सामन्यात बेंगळुरू एफसीविरुद्ध एका गोलने मागे असताना, ८७ व्या मिनिटाला बेलो रझाकने डोक्याने गोल करून १-१ अशी बरोबरी साधली, आणि तेरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद क्लबकडे परतलं. दोन हंगामांची बंदी कायम राहिली असती तर त्या विजेत्या संघाची बांधणी कधी आणि कशी झाली असती, हा प्रश्न तडजोडीच्या समर्थकांच्या हातातलं सर्वांत मजबूत हत्यार आहे. मलाही त्याचं नीट उत्तर देता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचे टप्पे मागून पुढे पाहिले तर मला पहिली चूक मध्यंतरात दिसत नाही. ती लाल कार्डाच्या क्षणी, किंबहुना त्याच्याही आधी आहे. संघाची सगळी आशा ज्या एका खेळाडूवर टांगलेली आहे, तो या सामन्यात चिडणार, त्याला चिडवलं जाणार, हे सामन्याच्या आदल्या रात्री ठरलेलं असतं. रेफरीशी बोलायचं असेल तर ते एकाच ठरलेल्या, डोकं थंड असलेल्या माणसाने बोलायचं आणि बाकीच्यांनी त्याला मागे खेचायचं. तालमीच्या संघांतही जुनेजाणते हे पाळतात. व्यावसायिक संघाने ते न पाळणं हा आळस आहे.

प्रेक्षकांच्या बाजूने पाहिलं, तर मैदानात येणारा दगड गॅलरीत आधी कुणाच्या तरी पिशवीत किंवा पायाखाली असतो. १९८० नंतर बत्तीस वर्षांनीही सॉल्ट लेकमध्ये विटांचे तुकडे हाताशी सापडत होते. या एका गोष्टीची जबाबदारी मोहन बागानवर टाकता येत नाही, आणि सगळ्या चर्चेत ती सगळ्यात कमी चर्चिली गेली. शिक्षा क्लबला झाली. स्टेडियम तसंच राहिलं.

मध्यंतराबद्दल वर लिहिलंच आहे. त्यात एकच भर. अशा सामन्याला जाताना प्रत्येक क्लबसोबत नियम माहीत असलेला एक माणूस असायला हवा, आणि त्याला नकार देण्याचा अधिकार हवा. म्हणजे पदाधिकारी ‘चला, आपण जात नाही’ म्हणत असताना ‘साहेब, आधी रेफरीकडून लिहून घ्या’ असं तोंडावर सांगू शकेल असा. आपल्या संस्थांमध्ये अशा माणसाला बैठकीत बसवतात, ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर मात्र उभं करतात.

महासंघाकडे प्रेक्षकांविना सामना खेळवण्याचा मार्ग होता. उरलेला अर्धा सामना दुसऱ्या दिवशी रिकाम्या गॅलरीसमोर, त्याच स्कोअरवरून, दहा खेळाडूंनिशी. तेव्हा हे कुणाला कल्पनेतही पटलं नसतं. प्रेक्षक नसलेली डर्बी म्हणजे डर्बीच नाही, असंच उत्तर मिळालं असतं. पण आठ वर्षांनी, २७ नोव्हेंबर २०२० रोजी, इंडियन सुपर लीगमधली या दोघांची पहिली लढत करोनामुळे वास्कोच्या टिळक मैदानावर एकाही प्रेक्षकाविना झाली. कोलकात्यापासून इतक्या दूर, गोव्याच्या दमट संध्याकाळी, बदली खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू येत असताना. एटीके मोहन बागानने (मोहन बागानचं तेव्हाचं नाव) ती २-० ने जिंकली. सामना बेचव होता, हे खरं. पण झाला.

नियमाबद्दल माझं मत जरा कडक आहे. जी शिक्षा आपण मोठ्यांना देऊच शकणार नाही, ती पुस्तकात लिहू नये. २२(क) मध्ये आधीच गुणकपात, दंड, प्रेक्षकबंदी आणि शेवटी बंदी अशा पायऱ्या असत्या, तर कार्यकारिणीला १५ जानेवारीला दया दाखवावी लागली नसती. तीच शिक्षा नियम म्हणून आली असती. मोहन बागानला दोन कोटी आणि शून्य गुण हा फैसला कदाचित योग्यच होता. तो ज्या वाटेने आला, त्या वाटेवरून क्लबांनी एकच धडा घेतला: ओरडा, अपील करा, मिळेल.

हा माझा तर्क ओढूनताणून आणलेला वाटत असेल, तर पुढची एक तारीख पाहा. ७ सप्टेंबर २०१६, नदिया जिल्ह्यातलं कल्याणी स्टेडियम, कलकत्ता लीगची डर्बी. सामन्याच्या आखणीवरून वाद झाला होता. ईस्ट बंगालचे खेळाडू मैदानात आले, रेफरी आले, प्रेक्षक आले. मोहन बागानचा संघ आला नाही.